साळवे काकांचा सकाळचा शो

आधी माफी मागते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि अक्षर असं आहे, की किराणावाला माझी यादी हातात घेतली की आधी माझ्याकडं बघतो. ही माझ्या मुलीची, रेखाची जुनी वही आहे. मागची पानं कोरी होती. कुणाला दाखवायला लिहीत नाही. पण साळवे काका जाऊन आता दोन महिने झाले आणि मी विसरत चालले अशी मला भीती वाटते. परवा त्यांचा आवाज आठवत बसले तर तव्यावरची पोळी करपली.

काका आमचे शेजारी. त्यांच्या आणि आमच्या घरात एकच भिंत. ते अजिंठा-वेरूळला गाईड होते, जपानी पाहुण्यांचे. तरुणपणी एक जपानी भन्ते लेणी बघायला आले, आठ दिवस राहिले. काकांनी त्यांचं सामान उचललं आणि त्या आठ दिवसांतच त्यांना त्या भाषेचा नाद लागला. शिकवायला कुणी नव्हतं. पुढं एका पाहुण्यानं त्यांना जपानी पिक्चरच्या कॅसेटी पाठवल्या. माणसांचे पिक्चर नाहीत, हातानं काढलेल्या चित्रांचे. ते बघून बघून काका बोलायला शिकले. पहिल्यांदा एका म्हाताऱ्या जोडप्याला लेणी दाखवली तेव्हा ती बाई तोंडावर हात धरून हसायला लागली. काका त्यांच्याशी दहा वर्षांच्या व्रात्य पोरासारखं बोलत होते, कॅसेटमधलं पोरगं बोलायचं तसं.

"सत्तरीच्या माणसाला मी म्हणत होतो, चल बे, पळ, मागं राहू नको," काका सांगायचे. "पण सांगतो मंगल, तो म्हातारा खरंच भराभर चालायला लागला."

उंच, बारीक अंग. पांढरी टोपी. लेसचे बूट, रोज पुसलेले, जरी कुठं जायचं नसलं तरी. बोलणं संपलं की थोडंसं वाकून निघायचे. मला तसं वाकायला लाज वाटायची, मी नुसता पदर सारखा करायची. त्यांना ते पुरायचं.

मी मेससाठी पोळ्या लाटते. दुपारी दोनशे पोळ्यांचं पीठ मळून ठेवलं की तासभर मोकळा मिळतो. त्या तासाला काका यायचे, पिठाच्या डब्याला मोबाईल टेकवून ठेवायचे आणि एखादा जपानी पिक्चर लावायचे. खाली इंग्रजी अक्षरं पळायची, ती मला काय कळणार. काका सांगायचे. म्हातारी बोलली की म्हातारीसारखं, लेकरू बोललं की लेकरासारखं. जपानातली माणसं आमच्या घरात आली की पार पाचोडच्या बाजारातल्यासारखी बोलायची. "का गं, कुठं चालली उन्हाची?" असं एखादी परी एखाद्या मुलीला विचारायची. मी हसायची. माझं हसणं आमच्या घरात फार कुणी ऐकलेलं नाही.

एक गोष्ट लिहायला नको वाटते, पण लिहिते. माझ्या सासूबाई होत्या तोवर काकांचा चहाचा कप वेगळा होता. दांडी तुटलेला, खिडकीत पालथा घातलेला. मी तो धुऊन परत खिडकीतच ठेवायची. मी काही बोलले नाही. काकांना माहीत होतं. ते त्या कपातून चहा प्यायचे आणि मला पिक्चर सांगायचे. सासूबाई गेल्या त्याच आठवड्यात मी तो कप टाकून दिला. काकांनी नवा कप हातात घेतला, बघितला आणि एवढंच म्हणाले, "साखर जास्त झाली गं."

कार्टून हा शब्द त्यांना चालायचा नाही. रेखा सातवीत असताना एकदा म्हणाली, "काका, आज कुठलं कार्टून?" काका तिची वही घेऊन घरी गेले. तीन दिवसांनी परत आणली. पानांच्या कोपऱ्यात पेन्सिलनं एक बाई काढलेली, प्रत्येक पानावर. पानं भराभर सोडली की बाई पोळी लाटायची, गोल फिरवायची, आणि शेवटी कपाळावरचा घाम मनगटानं पुसायची. घाम मी तसाच पुसते. हाताला पीठ असतं ना, म्हणून.

"साठ पानं लागली," काका म्हणाले. "साठ पानांत एक पोळी. आता दोन तासांच्या पिक्चरला किती लागली असतील, कर हिशोब. अन् मग म्हण कार्टून."

रेखानं परत कधी म्हटलं नाही.

त्यांचं दुखणं एकच होतं. अमेरिकेत पिक्चरांना ते सोन्याच्या बाहुल्याचं बक्षीस देतात, आपल्याकडं तेव्हा सकाळ असते. त्या दिवशी काका इस्त्रीचा शर्ट घालून उजाडताच आमच्या ओट्यावर येऊन बसायचे, कारण त्यांच्या खोलीत मोबाईलला रेंज धरत नव्हती. मी सकाळच्या पोळ्या लाटत असायची.

"पाचात आलाय, मंगल," ते सांगायचे.

"मग मिळंल की."

"पाचात बसवणं येगळं अन् वाढणं येगळं. पंगतीत बसवत्यात, अन् वाढप्या पुढून निघून जातो."

आणि तसंच व्हायचं. नाव दुसऱ्याचंच यायचं. काका मोबाईल खिशात ठेवायचे. एका वर्षी मी धीर करून विचारलं, की एवढं काय त्या बक्षिसाचं.

"चित्रांच्या पिक्चरसाठी त्यांनी बक्षीसच येगळं ठेवलंय," काका म्हणाले. "मोठ्या पंगतीत बसायचं नाय. तुमची पंगत तिकडं, लेकरांसंगं. मत देणारे म्हणे अर्धे पिक्चर बघतच नाहीत, घरी नातवाला विचारत्यात तुला कुठला आवडला. येगळी पंगत म्हंजे काय, ते मला कुणी समजावून सांगायची गरज नाय, मंगल."

मी लाटणं धरून तशीच बसले. खिडकीकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.

नंतर तेच म्हणाले, "अन् अजिंठ्यात ज्यांनी भिंती रंगवल्या त्यांना कुणी काय दिलं? नावसुद्धा नाय राहिलं. पण लोक तिथं चपला काढून आत जात्यात. तेवढं झालं तरी बास."

त्यांना तेवढंच हवं होतं. आपल्या गावातल्या लोकांनी, मोठ्या माणसांनी, तिकीट काढून अंधारात बसून असा एक पिक्चर बघावा. मोबाईलवर नाही, मोठ्या पडद्यावर. स्वतः काकांनीही कधी मोठ्या पडद्यावर बघितला नव्हता. हे पिक्चर मुंबई-पुण्याला लागायचे, आपल्याकडं यायचे नाहीत. दर वर्षी काका टॉकीजच्या मॅनेजरकडं जायचे आणि तो दर वर्षी म्हणायचा, "चचा, बच्चों का पिक्चर है. इनाम मिला तो आना, फिर देखेंगे."

मला एकदा काकांनी वेरूळला नेलं होतं, रेखाला आणि मला. तेव्हा त्यांचं काम बघितलं. गाईड म्हणजे मला वाटायचं, मूर्तीकडं बोट करून सांगणारा. काका मूर्तीकडं बघतच नव्हते. तिच्याकडं पाठ करून पाहुण्यांसमोर उभे राहायचे आणि खांद्यावरून मागं टॉर्च धरायचे. उजेड बरोबर तिच्या डोळ्यावर, बरोबर हातावर. मी विचारलं, तर म्हणाले, "मी बघायला लागलो तर पाहुण्यांकडं कोण बघंल? कुणाला कळलं, कुणाला नाय, ते तोंडावर दिसतं. गाईडनं तोंडं बघायची असतात."

मग एका वर्षी मिळालं.

त्या सकाळी काका ओट्यावर होते आणि मी आत. कितीतरी वेळ आवाजच नाही, म्हणून मी बाहेर आले. काका उभे होते, मोबाईल छातीशी धरलेला. "वाढलं गं," म्हणाले. "वाढलं." आणि बुटाची लेस सुटलेली नसतानाही खाली बसून ती बांधायला लागले. मी आत निघून आले. त्यांना तेव्हा कुणी बघायला नको होतं.

तो पिक्चर काकांनी मला आधीच सांगितलेला होता. एक गाव धरणाखाली जाणार असतं. सगळे उठून जातात, एक आजी जात नाही. ती रोज एकेका घराचं दार लावत फिरते, माणसं परत येणार असल्यासारखी. माझ्या आईचं माहेर पैठणच्या धरणात गेलं. मी काकांना विचारलं होतं, "जपानात पण असं झालं का?" ते म्हणाले, "पाणी कुठं बी पाणीच."

दहा वाजता काका टॉकीजवर गेले. मॅनेजर शब्दाला जागला, पण अर्धाच. बुधवारी सकाळी दहाचा एक शो देतो म्हणाला, पण चाळीस तिकिटं आधी घ्यायची, दीडशेप्रमाणे. सहा हजार झाले. त्या आजारपणाच्या साथीनंतर जपानी पाहुणे यायचे जवळपास बंद झाले होते आणि काकांकडं महिन्याच्या किराण्याचेच पैसे नसायचे. पुण्याला मुलगी आहे, प्रज्ञा, नर्स. तिला मागायचे नाहीत.

त्यांनी माझ्याकडं मागितले नाहीत. दोन दिवस आलेच नाहीत, तेव्हा मला कळलं. आमच्या गल्लीतल्या बायकांची भिशी असते, त्या महिन्यात ती मला लागली होती. दुसरी शेगडी घ्यायची होती. ते पैसे मी रुमालात बांधून त्यांच्या दारात नेऊन दिले. तिथं काय बोलायचं ते मी घरून ठरवून निघाले होते. शेवटी नुसता रुमाल दिला.

मॅनेजरनं विचारलं, "हिंदी में भी है चचा. हिंदी लगा दूँ? पब्लिक समझेगी." काका नाही म्हणाले. जपानीच लावा म्हणाले. हिंदीत त्या आजीचं तोंड हलतं आणि आवाज दुसऱ्याच बाईचा येतो, ते त्यांना बघवायचं नाही. आणि ते तर सगळं समजून बघायचे. मला वाटतं ते विसरले, की आजवर ज्यांनी ज्यांनी त्यांच्याजवळ बसून पिक्चर बघितला, त्यांनी तो काकांच्या तोंडून ऐकला होता. माझ्याही तेव्हा ध्यानात आलं नाही. मला तर तो पिक्चर मराठीतच आठवत होता.

आठ दिवस काका तिकिटं वाटत फिरले. मी मेसमध्ये पोळ्या द्यायला गेले तेव्हा तिथल्या पोरांकडं मोठ्या आशेनं आले, कारण ती पोरं या पिक्चरची वेडी.

"काका, बघितला की आम्ही," एक जण म्हणाला. "मी दोनदा. ते शेवटचं दार लावते ना आजी, काय काढलंय यार."

"मोठ्या पडद्यावर बघा ना," काका म्हणाले. "तिकीट फुकट हाय."

"बुधवारी प्रॅक्टिकल आहे काका. पण भारी झालं हां, आपल्याला मिळालं."

पाव तास त्या पोरांनी काकांसोबत त्या पिक्चरचं कौतुक केलं. काका खुश झाले. बाहेर आल्यावर तिकिटं मोजली, होती तेवढीच होती.

बुधवारी आम्ही सतरा जण होतो. गल्लीतल्या जाधवबाई आणि त्यांची नात, तीन रिक्षावाले, वेरूळचे दोन जुने गाईड, कॉलेजातली एकटीच आलेली एक मुलगी, आणि अशीच. काका दारात उभं राहून प्रत्येकाला वाकून आत पाठवत होते. मग माझ्या शेजारी येऊन बसले, टोपी मांडीवर घेतली. पिक्चर सुरू झाला. एवढा मोठा डोंगर, एवढं धुकं. काकांनी श्वास घेतलेला मला ऐकू आला.

दहा मिनिटं झाली असतील. जाधवबाई कुजबुजल्या, "मंगल, ही म्हातारी काय म्हणती गं?" पाठीमागून एक रिक्षावाला म्हणाला, "काका, आवाज हिंदीत करा ना." दुसरा उठला. "बघा तुम्ही काका, मला एक भाडं हाय." तो गेला तसा तिसराही उठायला लागला.

काका उठले. टोपी घातली. पायऱ्या उतरून पडद्याखाली गेले, कडेला, आणि आमच्याकडं तोंड करून उभे राहिले. खिशातून टॉर्च काढली, मग इथं तिची गरज नाही हे कळून परत ठेवली.

"आजी म्हणती," काका मोठ्यानं म्हणाले, "की माझ्या घराला कुलूप नाय, नुसती कडी हाय. कडी लावायला माणूस लागतं."

दारातून टॉकीजचा माणूस ओरडला, "चचा, बैठ जाओ." काका बसले नाहीत. तो थोडा वेळ उभा राहिला, मग तोही शेवटच्या खुर्चीवर बसला.

पूर्ण दोन तास काका उभे होते. त्यांना एकेक वाक्य पाठ होतं, मागं वळून बघायला लागत नव्हतं. आजीसारखं बोलले, ठेकेदारासारखं बोलले, नातवासारखं बोलले. पडद्यावरचा निळा उजेड त्यांच्या टोपीवर आणि खांद्यावर पडत होता. तिसरा रिक्षावाला परत बसला तो शेवटपर्यंत उठला नाही. जाधवबाई रडल्या. मी तर कधीपासूनच.

मग ती जागा आली. पाणी गावात शिरतं. तिथं कुणी काही बोलत नाही, नुसतं पाणी एकेक दार गाठत जातं आणि सगळा पडदा हळूहळू हिरवा होतो. काका पण गप्प झाले. सांगायला काही नव्हतंच. चार-पाच मिनिटं ते मोकळे होते. पण ते आमच्या तोंडांकडंच बघत राहिले.

मला म्हणायचं होतं, काका, मागं बघा. दोनच शब्द होते. पण अंधारात का होईना, एवढ्या माणसांसमोर मोठ्यानं बोलायचं, मला ते कधी जमलंच नाही. मग आजी परत बोलायला लागली आणि काका सांगायला लागले.

बाहेर ऊन होतं. सगळे गेल्यावर काकांनी मला विचारलं, "कसा दिसला गं? मोठा?"

"लई मोठा," मी म्हणाले. "पाणी पार छतापर्यंत आलं होतं."

"मला वाटलंच," काका म्हणाले.

दुसरा शो मॅनेजरनं दिला नाही. चाळीस खुर्च्यांतल्या तेवीस रिकाम्या राहिल्या, हे त्यानं काकांना दोनदा सांगितलं.

पुढचं वर्ष मला आठवू नये असं वाटतं. काका आमच्याकडं बसायचे बंद झाले. महिन्याच्या पाच तारखेला पाचशे रुपये घेऊन यायचे, उंबऱ्याच्या बाहेरून द्यायचे. मी म्हणायची, "आत या, चहा ठेवलाय." ते म्हणायचे, "फिटू दे आधी." पिक्चर नाही, गोष्ट नाही. दुपारचा तो तास मी भांडी घासण्यात घालवायची.

एकदा मी म्हणाले, "राहू द्या काका ते पैसे. मला नकोत."

त्यांना राग आलेला मी तेव्हाच बघितला. "मग तो शो तू दाखवला असा होईल," म्हणाले. "मी नाय."

त्यासाठी ते सत्तरीत परत वेरूळला जायला लागले. शेअर जीपमध्ये दाटीवाटीनं बसून, खुलताबादच्या घाटातून. जपानी नाही मिळाले तर कुणीही. शाळेची सहल असली तरी दाखवायचे. छातीत दुखायचं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. अकरा हप्ते दिले आणि बाराव्याला आलेच नाहीत. पाच तारीख गेली, सहा गेली. सातला कळलं, की लेणीच्या पायऱ्यांवर बसले ते उठता येईना, त्यांना सरकारी दवाखान्यात ठेवलंय.

मी डबा घेऊन गेले. प्रज्ञा पुण्याहून आली होती. काका फार लहान दिसत होते. टोपी नव्हती, डोक्यावर केस एवढे विरळ आहेत हे मला माहीतच नव्हतं. मला बघून त्यांनी प्रज्ञाला खूण केली. तिनं पिशवीतून शर्ट काढला, शर्टाच्या खिशातून नोट काढली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती मला दिली.

"मोज," म्हणाले.

"एकच नोट हाय, काका."

"तरी मोज."

मी म्हणाले, "एक." मग म्हणाले, "पाचशे. सहा हजार पूर्ण झाले."

काकांनी प्रज्ञाकडं बघितलं. आवाज अगदी खोल गेला होता, पण तिला नीट सांगितलं, "हिचं आपल्याकडं काही नाय आता. तो शो मी दाखवला." मग डोळे मिटून पडून राहिले, माझा डबा तसाच स्टुलावर.

मी नोटेची घडी करून बटव्यात ठेवली. पैसे सगळे फिटले.